मागची दोन चाकं आणि महालक्ष्म्यांचे तीन दिवस

चि. निखिल आणि चि. मीरा,

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही दोघांनी मिळून जुनी जीप घेतली आणि तिच्या मागच्या एक्सलला दोन्ही चाकं एकत्र बांधणारा कुठला लॉकर बसवावा यावरून आता भांडताय, हे वाचून करमणूक झाली. मीराला बटण दाबलं की हवेच्या दाबाने लागणारा पाहिजे, निखिलला आपला आपण लागणारा नि सुटणारा. शेवटी निखिल लिहितो, "आजी, तुला यातलं काय कळणार म्हणा!"

कळतं. हाच निर्णय मी एकदा घेतला आहे, परभणी जिल्ह्यात, भर भाद्रपदात. तो चुकला असता तर एक बाई जिवानिशी गेली असती. त्या प्रवासात माझ्याबरोबर असलेले गफूरभाई मागच्या महिन्यात वारले. आता ते तिन्ही दिवस पहिल्यापासून सांगू शकणारी मी एकटीच उरले, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

आधी थोडी ओळख. मी हैदराबादला इंग्रजीतून नर्सिंग शिकले आणि लग्न होऊन परभणीला आले, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या वर्षांत मी एका ट्रस्टच्या फिरत्या दवाखान्याची सिस्टर होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा धुमसत होता. कधी बंद, कधी एस.टी. अर्ध्या वाटेत उभी. आमची गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातली जीप. पुढच्या चाकांना ओढणारा शाफ्ट लिलावाआधीच कुणीतरी काढून घेतला होता, त्यामुळे सगळा जोर मागच्या दोन चाकांवर. चालवायचे गफूरभाई. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, बोलणं कमी, काळजी फार.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरता यावं म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं, हे तुम्ही जाणताच. काळ्या मातीत तेच घात करतं. एक चाक चिखलात सैल झालं की सगळा जोर तिकडे जातो. ते भिंगरीसारखं फिरत राहतं आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक ढिम्म उभं.

आदल्या पावसाळ्यात पिंगळीच्या पलीकडे एका शेतवाटेवर आमचं असंच झालं. रेल्वे स्टेशन समोर दिसत होतं. डावं चाक फिरत होतं, उजवं स्वस्थ होतं, आणि आत अडलेली बाई होती. दोन तासांनी बैल मिळाले. ती वाचली नाही. त्यानंतर आठवडाभर गफूरभाई जीपजवळ फिरकले नाहीत.

त्या भाद्रपदात येलदरी धरणापलीकडच्या एका वस्तीवर गयाबाई नावाच्या बाईचे दिवस भरत आले होते. मूल पोटात आडवं. ऑपरेशनशिवाय सुटका नव्हती, आणि ते करणारे डॉक्टर जिंतूरला. पावसाची उघडीप होती तोवर मी तिला आधीच हलवायला गेले, तर तिची सासू सखूबाई दारात उभी राहिली.

"महालक्ष्म्या बसायच्यात, सिस्टरबाई. घरची सून न्हाई तर लक्ष्म्या कुणाच्या हातानं आत आणू? तीन दिस होऊ द्या. लक्ष्म्या गेल्या की घिऊन जावा."

तुमच्या आईला गौरी माहीत आहेत. मराठवाड्यात त्यांना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्या तीन दिवसांत घरच्या सुनेला हलवणं कुणाच्या मनातही येत नाही. मी वाद घालून पाहिला. गया खाली मान घालून बसली होती. शेवटी ठरलं की निरोपाच्या दिवशी मी जीप घेऊन यायचं. मग पाऊस लागला. वस्तीपर्यंत चार किलोमीटर काळं रान, मध्ये ओढा. बैलगाडीचे हिसके तिला सोसणारे नव्हते, आणि बाज खांद्यावर घेऊन त्या ओढ्यात पाय ठरत नव्हते.

जीप नीट करायला माझ्याकडे तीन दिवस होते.

महालक्ष्म्या येण्याचा दिवस : देवगाव फाटा

परभणीहून सेलूमार्गे निघालो. पाऊस रात्रीच थांबला होता, पण दोन्ही बाजूंना कापसाच्या रानात पाणी चकाकत होतं. फाट्यावर पोलिसांनी गाडी अडवली. त्या आठवड्यात बंदची हाक होती.

"नाव?"

"गफूर."

"आन् ह्या बाई?"

"दवाखान्याच्या सिस्टर."

"सणासुदीचं कुठं निघालात?"

मी म्हटलं, "मागच्या एक्सलला लॉकर पाहायला."

हवालदाराने माझ्या पांढऱ्या लुगड्याकडे पाहिलं, मग गफूरभाईंकडे. "आमच्या घरी बायका लक्ष्म्यांना मुखवटे चढवायल्यात, आन् ह्या एक्सल बघायल्यात," असं म्हणत त्याने हात हलवला. गफूरभाई हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम होता. दोन आठवड्यांपूर्वी याच रस्त्यावर एका एस.टी.च्या काचा फोडल्या होत्या.

फाट्याजवळ किशनराव नावाचे फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ राहत. घरामागे त्यांनी लष्करी भंगार जमवलं होतं, ओळीने, प्रत्येक भागाला खडूने नंबर घातलेला. मला ते घर फार आवडलं. त्यांच्याकडे आमच्याच जातीच्या जीपचा एक आपोआप लागणारा लॉकर होता. सरळ जाताना दोन्ही चाकं बांधायचा, वळणावर एकाला सोडायचा. गफूरभाईंचा जीव याच्यावर होता.

"बाई, हा बसवू. चिखलात पकडतो, घाटात सोडतो. आणखी काय पाहिजे?"

मी म्हटलं, आधी तपासू. लाकडी घोडीवर तो ठेवला, दोन्ही बाजूंना दांड्या अडकवल्या. एक गफूरभाईंनी फिरवायची, दुसरी मी धरायची. पकडला की 'टक' आवाज येई आणि माझ्या हाताला हिसका बसे. मी वहीत रेघा ओढत गेले. वीस वेळा फिरवायचं ठरवलं होतं. सोळाव्या वेळी त्यांची दांडी पुढे गेली आणि माझी जागच्या जागी राहिली. एकोणिसाव्या वेळी पुन्हा तेच.

किशनरावांनी झाकण काढून बॅटरी मारली. "खोटं न्हाई बोलणार, सिस्टर. आतले दात झिजलेत. फौजेत आमी असला भाग गाडीला लावत नव्हतो."

"विसात अठरा वेळा चालतो की!" गफूरभाई म्हणाले.

"आणि उरलेल्या दोन वेळा ओढ्यात आल्या तर?" मी विचारलं.

"मग दुसरं काय आहे तुमच्याकडे?" त्यांनी मलाच विचारलं.

दुसरं एकच होतं. डिफरन्शियलचे आतले दाते एकमेकांना वेल्ड करून टाकायचे. मग दोन्ही चाकं कायमची एक. न सुटणारी.

"वेल्ड केलेली गाडी वळणावर वळत नाही, बाई. सरळ जाते." ते हळू आवाजात बोलत होते. "येलदरीच्या घाटात एका बाजूला खोल दरी. स्टिअरिंग माझ्या हातात असणार, तुमच्या नाही."

तेवढ्यात किशनरावांच्या घरातून थाळी वाजू लागली. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढली होती आणि दोन बायका मुखवटे हातात घेऊन एकेका पावलावर थांबत आत येत होत्या. माझ्या माहेरी पाच खड्यांच्या गौरी ताम्हनातून येत, पाच मिनिटांत. इथे लुगडं नेसवलेल्या, दागिने घातलेल्या, माणसाएवढ्या उभ्या. पहिल्या दिवशी नैवेद्याला भाजीभाकरी. आम्हालाही पानावर बसवलं: ज्वारीची भाकरी, मेथी, वर लोण्याचा गोळा. किशनरावांच्या पत्नीने गफूरभाईंना आग्रह करून तिसरी भाकरी वाढली.

"खावा भाऊ. आज पाव्हण्याला उपाशी धाडत न्हाईत."

त्यांनी खाल्ली आणि माझ्याआधी पानावरून उठले. हात धुताना मी सांगितलं, "जिंतूरला जाऊ. वेल्डिंगच करायचं."

जेवणाचा दिवस : जिंतूर

वामनराव वेल्डरचं दुकान म्हणजे गावाच्या कडेला पत्र्याची शेड. मळणीयंत्रं, नांगर, ट्रॉलीचे हूक, सगळं त्यांच्याकडे यायचं. पूर्वी त्यांचं दुकान त्यांच्या गावात होतं. "अठ्ठ्याहत्तर साली जळालं. तवापासून हितं," एवढंच त्यांनी सांगितलं आणि काच डोळ्यांवर ओढली.

एक्सल उघडून त्यांनी बोटाने आत दाखवलं. "चाक ह्या दांडीवर न्हाई, भाईरच्या नळीवर बसलंय. मिलिटरीचं हाय म्हणून. लय चांगलं. पण ध्यानात ठिवा, चिखलात कायबी होणार न्हाई, डांबरावर वळाल तवा एक चाक घासत जाईल. घासाया जागा न्हाई घावली तर दांडी मोडंल."

"मग वळायचं कसं?" गफूरभाईंनी विचारलं.

"एक चाक साईडपट्टीच्या चिखलात घालून. तितं ते घसरतंय, दांडीला ताण न्हाई."

गफूरभाईंनी मान हलवली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

अकराच्या सुमारास वेल्डिंग झालं. डिफरन्शियलचा लालबुंद गोळा चिमट्यात धरून वामनराव म्हणाले, "आता राख पाहिजे. ऊन ऊन. ती येईस्तवर ह्याला कोळशावर ठिवतो, मग उद्या सकाळपातूर राखेत पुरायचं. हवेवर निवलं की तडकतंय."

गावभर चुली पेटलेल्या होत्या. घरोघर पुरण शिजत होतं, सोळा भाज्या होत होत्या. मी घमेलं घेऊन समोरच्या घरी गेले. तिथली म्हातारी कानांवर हात ठेवून मागे सरली.

"अगं बाई! लक्ष्म्या जेवायला बसल्यात आन् चुलीतली राख भाईर देऊ? आजच्या दिशी?"

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. मला ही चाल ठाऊक नव्हती. इतकी वर्षं तिथे राहून मी हे विचारलंच नव्हतं. राखेवाचून काम अडलेलं आणि अख्ख्या गावात राख असून मला मूठभर मिळेना. परत आले तर वामनरावांची पत्नी घरातली चूल रिकामी करत होती.

"आमच्यात बसत न्हाईत महालक्ष्म्या," ती म्हणाली. "घ्या की."

त्या राखेने अर्धं पिंप भरलं. उरलेली गफूरभाईंनी बेकरीच्या भट्टीतून आणली. गोळा त्यात दिसेनासा झाला.

दुपारी येलदरीचा एक मासे विकणारा मला शोधत आला. "सिस्टर तुमीच न्हवं? वस्तीवरली गया... तिचं पोट दुखायलंय सकाळपासून."

मी घड्याळ पाहिलं. सव्वादोन. जिंतूरच्या दवाखान्याची गाडी डांबराच्या पुढे येत नसे, आणि तीही दोन दिवसांसाठी परभणीला गेली होती. मी वामनरावांना म्हटलं, "काढा तो आत्ता. तीन तास झाले, पुरे."

पिंपासमोर गफूरभाई उभे राहिले, वेल्डिंग नको म्हणणारे.

"नाही बाई."

"तिचं पोट दुखतंय, गफूरभाई."

"पिंगळीला पण दुखत होतं. तडकलेला गोळा घेऊन मी ओढ्यात उतरणार नाही. कळा नेमाने यायला लागल्यात का, विचारा त्याला."

मासेवाल्याला एवढंच माहीत होतं की गया उठून पुरणपोळ्या लाटत होती. म्हणजे कळा अजून खऱ्या नसाव्यात. नसाव्यात, एवढंच म्हणता येत होतं. मी शेडच्या उंबऱ्यावर बसले. वामनरावांच्या पत्नीने पिठलं-भात दिला, समोरच्या म्हातारीने राख नाकारली होती तरी आंबिलीचा तांब्या पाठवला. खाल्लेल्या कशाचीच चव लागली नाही. आयुष्यात मी इतकी कधी काही न करता बसले नव्हते.

निरोपाचा दिवस : येलदरीच्या पलीकडे

उजाडताच राख उकरली. गोळा कोमट होता, कुठे भेग नाही. आठपर्यंत तो आत बसवून एक्सल बंद केला. पहिल्याच वळणावर जीप सरळ निघाली. गफूरभाईंनी अख्खं अंग टाकून स्टिअरिंग ओढलं. दुसऱ्या वळणापासून ते बाहेरचं चाक साईडपट्टीच्या चिखलात घालू लागले. चाक घसरायचं, जीप वळायची. मी वळणं मोजत होते. चौदा होती.

डांबर संपलं आणि काळं रान सुरू झालं. ओढ्याला मांडीएवढं पाणी. पलीकडचा चढ तुपासारखा गुळगुळीत. निम्म्यावर डावं चाक खड्ड्यात गेलं. जीप डावीकडे कलली, थांबल्यासारखी झाली, आणि मग उजव्या चाकाने माती धरून तिला वर ओढून काढलं. गफूरभाईंच्या तोंडून मोठ्याने "या अल्ला!" निघालं.

गया भिंतीला टेकून बसली होती. आता कळा खऱ्या होत्या, दहा-दहा मिनिटांनी. मी म्हटलं, "चला."

सखूबाई मध्ये आल्या. "लक्ष्म्यांचा निरोप दुपारी हाय. सुताचा दोरा गळ्यात पडल्याबिगर सून उंबरा वलांडत न्हाई."

"मूल आडवं आहे, सखूबाई. दुपारपर्यंत दोघांतलं कोणी राहणार नाही."

"मला शिकवू नगा! चार बाळंतपणं केलीत म्या."

"त्यातलं आडवं किती होतं?"

मग आतून गयाच बोलली, "आत्याबाई, लक्ष्म्यांला इचारा, त्यांची काय घाई हाय का म्हणून."

कुणीतरी हसलं. सखूबाईंनी डोळे पुसले, हळदीत बुडवलेलं सूत उचललं, घाईघाईने गाठी घातल्या, दोन्ही मुखवट्यांवर अक्षता टाकल्या आणि दोरा सुनेच्या गळ्यात बांधला. पाच मिनिटंही लागली नाहीत. "चुकलं असंल तर पदरात घे माय," असं मुखवट्यांना म्हणत त्या स्वतःच जीपमध्ये चढल्या.

ओढा पार झाला. डांबर आलं. गफूरभाई प्रत्येक वळण चिखलात चाक घालून काढत होते. मी मागे गयाचा हात धरून वळणं उलटी मोजत होते: चौदा, तेरा, बारा. नऊवर आले आणि समोरून एस.टी. आली, भरलेली, रस्त्याच्या मधून. आमच्या डाव्या हाताला दरी. साईडपट्टी त्या बसच्या बाजूला. गफूरभाईंना कोरड्या डांबरावरच वळावं लागलं.

कडाड असा आवाज झाला. जीपला हादरा बसला. गया ओरडली.

"दांडी गेली," गफूरभाई म्हणाले.

पिंगळीचं स्टेशन माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी म्हटलं, "थांबली का?"

त्यांनी गिअर टाकला. जीप पुढे सरकली, हातभर, मग आणखी थोडी. एका बाजूला ओढत, पण चालू लागली. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही समजत नव्हतं. जिंतूरपर्यंत आम्ही चालीच्या वेगाने आलो. सखूबाई सारखं विचारत होत्या, "येतंय का अजून? चाक येतंय का?" आणि मी मागे वाकून सांगत होते, "येतंय."

एकच्या सुमारास दवाखान्याच्या पायऱ्यांशी पोचलो. ऑपरेशन झालं. मुलगी. गयाचं रक्त फार गेलं होतं. चार दिवस मी तिथेच राहिले.

वामनरावांनी एक्सल उघडला तेव्हा कोडं सुटलं. डावी दांडी वळणाच्या ताणाने मोडली होती, म्हणजे मोडायचं कारण आमचं वेल्डिंगच. पण साधं डिफरन्शियल असतं तर सगळा जोर त्या मोडक्या बाजूला गेला असता आणि जीप तिथेच बसली असती. दाते एकमेकांना बांधलेले, म्हणून उजव्या चाकापर्यंत जोर पोचत राहिला. डावं चाक नळीवर बसलेलं, म्हणून निखळलं नाही. किशनरावांचा लॉकर बसवला असता तर कदाचित दांडी मोडलीच नसती. कदाचित ओढ्यातच दगा दिला असता. मी तो प्रश्न अनेकदा वहीत मांडून पाहिला, उत्तर आलं नाही. गफूरभाईंना विचारलं तर ते म्हणत, "बाई, दोघांचं खरं होतं." त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच, तेही मी विचारलं नाही.

तेव्हा तुमच्या वादात मी कुणाचीच बाजू घेत नाही. एवढंच सांगते: जो घ्याल तो आधी घोडीवर वीस वेळा फिरवून पाहा, आणि तुमच्यातला जो चालवणार असेल त्याचं ऐकून घ्या, मग निर्णय तुमचा असला तरी.

जीप पुढे भंगारात गेली. ट्रस्टचं काम थांबलं. वस्तीच्या वाटेवर आता मुरूम पडला आहे, ओढ्यावर नळ्यांचा पूल आहे. त्या एक्सलची नळी वामनरावांनी एका टायरगाडीला बसवली, ती अजून ऊस वाहते. गयाबाई आहे. तिची मुलगी आहे.

— आजी